माझ्या तळाची किरमिजी रेघ

मित्रांनो, शनिवारी सकाळची शाळा सुटली की ज्या काचेला नाकं चिकटवून तुम्ही चिखलातले निवटे मासे बघता, ती काच म्हणजे मी. मी एक जुनी टाकी आहे. गेल्या आठवड्यात तुमच्यातली ती दोन वेण्यांची मुलगी ओल्या फडक्याला राख लावून माझ्या तळाच्या कोपऱ्यातली तांबडी रेघ घासत बसली होती. घासून घासून तिचा हात दुखला, रेघ काही हलली नाही. ती हिरमुसली. तिचा तो उतरलेला चेहरा मला बघवला नाही. म्हणून म्हटलं, ही रेघ कुठून आली ते एकदा सांगून टाकावं.

माझा जन्म पालघरचा, एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर सालचा. स्टेशनाबाहेर झुंबरकाका नावाचे एक कारागीर देवांच्या तसबिरींना काचा बसवायचे. टाकी त्यांनी त्याआधी कधी केली नव्हती. लोखंडी पट्ट्यांची चौकट केली, चार बाजूंनी आणि तळाला काच लावली, सांध्यांत बोटाने पुट्टी भरली आणि मला पाण्याने भरून दिवसभर माझ्यासमोर स्टुलावर बसून राहिले. एक थेंब गळला नाही. संध्याकाळी त्यांनी मला पुसलं आणि म्हणाले, "काचेचं काम एकच. आत जे आहे तेच बाहेर दिसलं पाहिजे." मला वाटलं, एवढंच काम असेल तर सोपं आहे. पुढे कळलं की काचेला ते सोपं असतं, माणसांना जड जातं.

माझी पहिली बारा वर्षं एका डॉक्टरांच्या दवाखान्यात गेली. तिथे मी बाकासमोर असे आणि माझ्यात चार सोनेरी मासे असत. मासवणकडून, शिरगावकडून आया तापलेली लेकरं खांद्यावर टाकून यायच्या. इंजेक्शनच्या भीतीने रडणारं मूल माझ्यासमोर आलं की हुंदका अर्ध्यावर थांबायचा. माशाने तोंड उघडलं की तेही उघडायचं, आणि तेवढ्यात आई त्याच्या जिभेखाली तापमापक सरकवून द्यायची. डॉक्टर आधी ताप मोजायचे, मगच बोलायचे. एकदा एक मासा मेला. डॉक्टरांनी तो लपवला नाही. मुलांना सांगितलं, "मी पाणी बदलायला विसरलो, म्हणून हा गेला." तेव्हा मला वाटलं होतं की सगळीच मोठी माणसं अशी बोलत असतील. माझ्या भोळेपणाचं आज मलाच हसू येतं.

नव्वद साली डॉक्टर थकले आणि मुलाकडे नाशिकला निघून गेले. दवाखान्यातलं कपाट, बाक आणि मी, असे तिघे एका टेम्पोतून बोईसरला आलो. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कपड्यांच्या कंपनीने आम्हाला घेतलं होतं. कंपनीचं नाव तृणाली फॅशन्स. इथे कापड रंगायचं, मुंबईत त्याचे झगे शिवले जायचे आणि ते झगे जहाजाने परदेशी जायचे.

तिथे एका मोठ्या परदेशी कंपनीचं पत्र आलं होतं. पृथ्वी तापत चालली आहे, समुद्र खराब होत आहेत, आमची गिऱ्हाइकं आम्हाला प्रश्न विचारतात, तेव्हा यापुढे जे पृथ्वीची काळजी घेतील त्यांच्याकडूनच आम्ही कपडे घेऊ, असा त्याचा मजकूर. पत्र चांगलंच होतं. तृणालीने त्यावर काय केलं ते ऐका. आधी नाव बदललं. तोवर कंपनीचं नाव तृणाली नव्हतंच, कसलंसं डाइंग होतं. मग पाटी हिरवी रंगवली. मग साहेबांची व्हिजिटिंग कार्डं खरबरीत कागदावर छापून घेतली, कारण खरबरीत कागद निसर्गाच्या जवळचा दिसतो म्हणे. खाडीतल्या तिवरांच्या झाडांच्या चित्राचे झगे काढले आणि त्यांना 'खाडी' असं नाव दिलं. पाच जूनला, पर्यावरण दिनाला, साहेबांनी भाषण केलं की पृथ्वीला ताप आला आहे. दवाखान्यात बारा वर्षं काढलेली मी कान टवकारून बसले. वाटलं, आता हे तापमापक मागवतील. त्यांनी पेढे मागवले.

रंगाचं पाणी शुद्ध करायला मागच्या अंगणात सिमेंटची एक गोल टाकी होती, तिच्यात मोठी लोखंडी पाती. ती पाती पाहुणे आले की फिरायची. एरवी त्यांच्यावर कबुतरांचं एक जोडपं संसार करायचं. टाकीवर पंढरी नावाचा कामगार होता, बीडकडून पोटासाठी आलेला, सरळ माणूस. पाहुणे यायचे त्या दिवशी तो आधी पात्यावरचं घरटं ओंजळीत उचलून भिंतीवर ठेवायचा आणि मगच बटण दाबायचा. पाहुणे गेले की बटण बंद, घरटं जागेवर. बाकी सगळे दिवस लाल, जांभळं, मोरपंखी पाणी जसंच्या तसं मागच्या पाइपातून नाल्यात आणि नाल्यातून खाडीत जायचं.

आणि मी? मला दारातच मानाची जागा मिळाली. माझ्यावर एक पाटी लागली, 'या टाकीतील पाणी आमच्या शुद्धीकरण यंत्रणेतून आले आहे. मासे साक्षीला आहेत.' रोज सकाळी पंढरी मला विहिरीच्या पाण्याने भरायचा. भरताना तो पाटीकडे पाठ करून उभा राहायचा. मी जे होतं तेच दाखवत होते, मित्रांनो. विहिरीचं स्वच्छ पाणी आणि दुकानातले सोनेरी मासे. खोटं मी बोलले नाही, माझ्या डोक्यावरची पाटी बोलत होती. पण येणारे पाहुणे माझ्याकडे बघून माना डोलवायचे, आणि त्या माना बघून मला माझ्याच काचांचा वीट यायचा.

कंपनीच्या दारावर दुपारी जमना यायची, डोक्यावर पाटी घेऊन. ही पाटी मात्र खरी, माशांची. ती खाडीकाठच्या वाडीतली कोळीण, ओहोटीला चिखलात उतरून मासे धरणारी. पूर्वी तिच्या पाटीत बोयी असत, कोळंबी असे, चिंबोऱ्या दोरीने बांधलेल्या असत. मी पाहिली तेव्हा पाटीत नुसते निवटे उरले होते, तेही मूठभर. आणि तिच्या टाचा किरमिजी झाल्या होत्या. वर्षानुवर्षं चिखलात चालून टाचांना भेगा पडलेल्या, त्या भेगांत रंग बसलेला. बाजारात बायका तिला विचारायच्या, अळता कुठला गं लावतेस. ती म्हणायची, "कंपनी फुकट लावते, तुमी पण या चिखलात."

त्याच सुमाराला कंपनीत दुसरं रंगखातं काढायचं ठरत होतं. परदेशी कंपनीची बाई येऊन होकार देऊन गेली की काम सुरू. म्हणजे आणखी तेवढंच रंगाचं पाणी आणि मागे दुसरा पाइप. पंढरीने हे जमनाला सांगितलं. तिला हिशेब लगेच समजला. एका पाइपाने निवटे उरले होते, दुसऱ्याने तेही उरणार नव्हते. आणि खाडी सोडून तिला दुसरं काही येत नव्हतं.

ती साहेबांना भेटायला आली. साहेबांनी तिला आत बोलावून माझ्यासमोर उभं केलं आणि म्हणाले, बघ बाई, आमच्या पाण्यात मासे कसे मजेत आहेत. जमनाने वाकून माझ्यात पाहिलं. मग बोट बुडवून जिभेला लावलं.

"ह्ये मासं इहिरीच्या पान्यातलं हाय, साहेब," ती म्हणाली. "मी खाडीचं इचारते."

साहेबांनी तिला बाहेरची वाट दाखवली. पण पंधरा दिवसांत त्यांनाच तिला बोलावणं धाडावं लागलं. कारण त्या परदेशी बाईने कळवलं होतं, दुकानातले मासे कुठेही जगतात, मला तुमच्या खाडीतले मासे या पाण्यात जगताना बघायचे आहेत. साहेब एकदम गोड झाले. जमनाला खुर्ची दिली, चहा दिला आणि सांगितलं की खाडीतले जिवंत मासे आणून दे, मग तुझी तक्रार मी स्वतः त्या बाईच्या कानावर घालतो.

जमना म्हणाली, "खाडीत आता जितं जे हाय तेच आनीन."

साहेब म्हणाले, "तेच आण. जिवंत असलं की झालं."

ठरल्या दिवशी ती सकाळीच आली, मडक्यात निवटे घेऊन. तुम्ही आता निवट्यांना ओळखता. बोटाएवढा मासा, डोळे डोक्यावर, पुढच्या परांवर उड्या मारत चालणारा. भरती आली की इतर मासे पाण्याबरोबर आत शिरतात, हा तिवरांच्या मुळांवर चढून बसतो. खाडीकाठच्या चार वर्षांच्या पोराला हे ठाऊक असतं. साहेबांना ठाऊक नव्हतं. त्यांनी खाडी पाहिली होती ती झग्यावर.

जमनाने पंढरीला नीट समजावलं. "भरल्या पान्यात ठेवू नको त्यांना. तळाला चार बोटं पानी घाल, वर दगूड ठेव. निवटा भाईर येऊन दम घेतो."

बीडच्या माणसाला हे नवलच. तो म्हणाला, "मावशे, माशाला पाण्याभाईर कशापायी बसायचंय?"

"तुमच्या गावाला नदी हाय का रं," ती म्हणाली, "का तिचीबी नुसती पाटीच?"

पंढरी हसला, सोनेरी मासे घागरीत काढले आणि तिने सांगितलं तसं त्याने केलं. साहेब आले, त्यांनी पाहिलं आणि दगड काढायला लावला. टाकी अर्धी रिकामी दिसली तर पाहुण्यांना वाटेल आमच्याकडे शुद्ध पाण्याची टंचाई आहे, असं त्यांचं म्हणणं. मला काठोकाठ भरलं. जमना पुन्हा एकदा बोलली, पण तोवर दारात मोटार आली होती.

बाई उंच होती, अंगात पांढरा सुती झगा, गळ्यात रंगांच्या नमुन्यांच्या पट्ट्या. माझ्याशेजारच्या टेबलावर 'खाडी'चे नवे झगे मांडले होते, किरमिजी रंगाचे. धुराड्यातून धूर दिसू नये म्हणून त्या दिवशी बॉयलर बंद ठेवला होता. मागे घरटं भिंतीवर होतं आणि पाती फिरत होती. साहेबांनी बोलायला सुरुवात केली. ते इंग्रजी बोलत होते. मला इंग्रजी येत नाही, पण सुलू नावाची टायपिस्ट शेजारी उभी राहून सगळं टिपून घेत होती आणि नंतर तिने जे पंढरीला सांगितलं, तेच मी तुम्हाला सांगते आहे.

भाषण रंगात आलं तसा पहिला निवटा माझ्या काचेला पोट चिकटवून वर सरकू लागला. त्याचे इवलेसे पर माझ्यावर टेकत होते. जीव वाचवायला चढणाऱ्या त्या पोटाचा स्पर्श मी अजून विसरले नाही. काठावर आला, श्वास घेतला आणि टुणकन टेबलावर. मग दुसरा. मग सगळे. झग्यांच्या कॉलरींवर, बाह्यांवर निवटे नाचायला लागले. साहेब क्षणभर पांढरे पडले आणि लगेच सावरून बाईला म्हणाले, आमच्या पाण्यात मासे इतके तंदुरुस्त होतात की उड्या मारतात. बाईने टाळ्या वाजवल्या.

भिंतीशी बसलेली जमना उठली आणि एकेक निवटा पदरात गोळा करू लागली. बाईने विचारलं, ही कोण. साहेब म्हणाले, मासे पुरवणारी, आमच्या कंपनीवर फार खूश आहे. बाई म्हणाली, मग तिचं म्हणणं मला ऐकायचं आहे.

तर मित्रांनो, जमनाला हवा होता तो क्षण आला. ती घाबरली नाही. पदरातले निवटे तिने मडक्यात सोडले, एक पाय स्टुलावर ठेवला आणि लुगडं घोट्यापर्यंत वर घेतलं.

"बाईंना सांगा, साहेब," ती म्हणाली. "तीन वरसं दगडानं घासते, ह्यो रंग जात नाय. तुमच्या पाइपातना येतो. खाडीत मासा नाय उरला. दुसरा पाइप सोडू नका, येवडंच सांगा."

साहेबांनी घसा साफ केला आणि इंग्रजीत सांगितलं, "ही म्हणते, तीन वर्षं दगडाने घासलं तरी तुमचा रंग जात नाही. इतका पक्का रंग तिने जन्मात पाहिला नाही."

बाईचे डोळे मोठे झाले. ती जमनाच्या पायाशी चक्क गुडघ्यांवर बसली. टेबलावरच्या झग्याचं टोक ओढून तिने टाचेशेजारी धरलं. तोच रंग, तंतोतंत. तिने कॅमेरा काढला आणि टाचेचे फोटो घेतले, एक डावीकडून, एक उजवीकडून.

इकडे जमनाला काय दिसलं? गोरी बाई, एवढ्या लांबून आलेली, आपल्या चिखलाच्या पायाशी बसली आहे. तिला वाटलं, हिला समजलं. जमनाच्या डोळ्यांना धार लागली. तिने दोन्ही हात त्या बाईच्या गालांवरून फिरवले आणि स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली, लेकीची दृष्ट काढावी तशी. साहेब खिडकीबाहेर बघत होते. मी त्या माणसाला पुढेही पुष्कळ दिवस पाहिलं, पण त्या क्षणी जितका तो मला हलका वाटला, तितका पुन्हा वाटायची गरजच उरली नाही.

जेवणाच्या सुट्टीत सुलूने पंढरीला खरं सांगितलं. सांगताना तिचीच मान खाली होती. आणि ते जमनाला सांगण्याचं काम पंढरीवर आलं. ती दाराशी मडकं घेऊन बसली होती आणि रखवालदाराला सांगत होती की आता पाइप बंद व्हायचा. पंढरी तिच्याजवळ उकिडवा बसला आणि हलक्या आवाजात सगळं बोलला. मग तिने पदराने टाच पुसली, जणू कुणाचा हात तिथे लागला होता.

"दातिवऱ्याची गाडी किती वाजता हाय?" तिने विचारलं. दातिवरे तिचं माहेर.

"काहून मावशे?"

"ह्यांना तिथं सोडते. हितं आता त्यांचं कोन हाय?"

आणि ती मडकं मांडीवर घेऊन एसटीने निवट्यांना माहेरी घेऊन गेली.

तीन महिन्यांनी झग्यांना लावायच्या नव्या चिठ्ठ्या छापून आल्या. हिरव्या कडेच्या चिठ्ठीवर एका टाचेचं चित्र होतं. भेगा पुसून टाकल्या होत्या आणि घोट्यात एक पैंजण काढलं होतं. सुलूने पंढरीला वाचून दाखवलं, 'खाडीचा पक्का रंग. निसर्गाशी नाते जोडा.' दुसऱ्या रंगखात्याचा मुहूर्त ठरला, नारळ आले, मांडव पडला.

मुहूर्ताच्या दिवशी सकाळी पंढरी बादली घेऊन नेहमीसारखा विहिरीकडे निघाला. अर्ध्या वाटेत थांबला. वळला आणि मागच्या पाइपाकडे गेला. सोनेरी मासे आधी घागरीत काढून त्या पाण्याने त्याने मला काठोकाठ भरलं. दाट, किरमिजी, वर फेस असलेलं पाणी. माझ्या डोळ्यांपुढे अंधार आला. पण त्या अंधारात मला झुंबरकाकांचा आवाज ऐकू आला. आत जे आहे तेच बाहेर दिसत होतं. त्याने माझ्यावरची पाटी फडक्याने लख्ख पुसली आणि तो शेजारी उभा राहिला.

पाहुणे जमले. साहेब आले आणि जागच्या जागी थबकले. दात आवळून त्यांनी विचारलं, हे काय आहे.

"पाटीवर लिहिलंय तेच हाय, साहेब," पंढरी म्हणाला. "चार वर्षांत आज पयल्यांदा खरं केलं."

नारळ मात्र फुटला. सांगायला वाईट वाटतं, पण पाहुण्यांनी माझ्याकडे बघून माना फिरवल्या आणि पेढे घेतले. सुलूने तेवढा आपला पेढा टेबलावर तसाच ठेवला. साहेब पंढरीला म्हणाले, ही टाकी उचल आणि चालता हो. त्याने ते शब्दशः ऐकलं. पाणी नाल्यात ओतलं नाही, आवारात साहेबांच्या मोटारीच्या वाटेवर ओतलं, आणि मला हातगाडीवर घालून निघाला.

पुढची चार वर्षं मी त्याच्या झोपडीच्या पडवीत होते. पंढरी मिळेल ती मजुरी करायचा. त्याची बायको रखमाबाई माझ्यात आधी कांदे ठेवायची, मग तिने कोंबडी बसवली. धूळ खाल्ली, एक काच कोपऱ्यात तडकली. पण त्या कोंबडीने माझ्यात पिलं काढली, आणि खरं सांगू, तृणालीच्या दारातल्या मानापेक्षा मला ते पुष्कळ बरं वाटलं. पिलांच्या डोक्यावर कुणी पाटी लावत नाही.

मग पंढरीला तुमच्या शाळेत, इथे शिरगावला, शिपायाची नोकरी लागली. तुमची घंटा देणारे पंढरीकाका ते हेच. त्यांनी मला इथे आणलं. दर वर्षी जमनामावशी दातिवऱ्याहून येते, मडक्यात चिखल आणि निवटे घेऊन. ती आता तिथे भावाकडेच राहते. निवट्यांना माझ्यात चार बोटंच पाणी असतं, वर दगड असतो, आणि पंधरा दिवस तुम्ही बघून झालं की मावशी त्यांना परत घेऊन जाते. त्या जुन्या खाडीत ती पुन्हा उतरली नाही. उतरून धरण्यासारखं काही तिथे राहिलं नाही.

मागच्या खेपेला तिने दगडावर पाय ठेवून पायांवर पाणी घेतलं, तेव्हा मी निरखून पाहिलं. तिच्या टाचा साध्या झाल्या आहेत. भेगा आहेत, रंग गेला. खाडी सुटली आणि वर्षभरात आपोआप उतरला म्हणे. पक्काही नव्हता तो. एवढी जगभर चिठ्ठी लावून मिरवलेली गोष्ट, तीही खोटीच निघाली.

म्हणून आता तो रंग एकाच ठिकाणी उरला आहे. पाण्याने काच रंगत नाही, पण त्या सकाळी तो माझ्या तळाच्या पुट्टीत मुरला.

मित्रांनो, मोठे व्हाल तेव्हा तुम्हालाही कुणी काचेत मासा दाखवील, वर सुंदर पाटी असेल. तेव्हा मान डोलवण्याआधी जमनामावशीसारखं बोट बुडवून बघा आणि विचारा, हे पाणी कुठलं. आणि त्या दोन वेण्यांच्या माझ्या बाळाला सांगा, हात दुखवून घेऊ नकोस. काचा हव्या तेवढ्या पूस, दगड धू, पाणी बदलायला विसरू नकोस. तेवढी रेघ मात्र राहू दे.